मागच्या डाव्या दाराचं रबर

१

कागद मी सोडला की माझ्या हातातून तो ओढला गेला, हे मला नक्की आठवत नाही. राग येतो तो याचाच. बाकीचं सगळं लख्ख आठवतं. उन्हानं तडतडणारे शेडाचे पत्रे, गाडीच्या ताज्या रंगाचा नाकात बसलेला वास, हायवेवरून कांद्याचा ट्रक गेला तेव्हा थरथरलेली जमीन. कॅलेंडरच्या पानाची पट्टी माझ्या अंगठ्यात आणि तर्जनीत होती, हे आठवतं. पुढच्या क्षणी ती तिथे नव्हती, हेही आठवतं. मधलं आठवत नाही.

मी आयुष्यभर मोजमापावर जगलो. रबर जुनं कसं होतं, या विषयावर माझा प्रबंध आहे. पुण्यात मी पोरांना तेच शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर बीडला येऊन राहिलो. अशा माणसाला एवढी साधी गोष्ट छातीवर हात ठेवून सांगता येऊ नये! माझा धाकटा भाऊ आप्पाराव म्हणतो, दादा, वय झालं तुमचं. झालंच आहे. पण वय झालेल्या माणसाच्या हातून वस्तू सुटली तर ती खाली पडते. आत जात नाही.

२

गाडी आप्पारावाची. चौसाळ्याला हायवेलगत त्याचं खता-बियाण्याचं दुकान आहे आणि दुकानामागे हे पत्र्याचं शेड. त्या वर्षी त्याच्या नातीचं, तेजश्रीचं, लग्न ठरलं. सासर केजचं. पोरीची पाठवणी जुन्या अँबॅसिडरमधूनच करायची, असं आप्पारावानं मनावर घेतलं. आष्टीकडे कुणाच्या तरी गोठ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली एक गाडी त्यानं ट्रकवर घालून आणली. टायर नव्हते, चारही दारांना कंपनीचं मूळ रबर मात्र शाबूत होतं.

मला मूलबाळ नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तेजश्री बीडला क्लासला होती तेव्हा माझ्याकडे राहायची, माझ्या चष्म्याच्या काचा पुसून द्यायची, माझ्या चिडचिडीची नक्कल करून मलाच हसवायची. तिच्यासाठी म्हणून मी म्हणालो, रबराचं काम माझ्याकडे.

"घ्या की," आप्पाराव म्हणाला. "एवढी मोठी पीएचडी, एकदा तरी घरच्या कामाला येऊ द्या."

इंजिन, पत्रा आणि रंग युवराजकडे होता. युवराज म्हणजे बीडचा मिस्त्री, हात बरा, तोंड फाटकं.

"सर, रबर म्हंजे रबर," तो म्हणायचा. "जुनं काढायचं, डुप्लिकेट लावायचं, दार आपटायचं. लई इचार केला की रबर बी झिजतंय आन माणूस बी."

मी त्याला समजावायचो आणि समजावता समजावता चिडायचो. मूळ रबर झाडाच्या चिकापासून केलेलं. जुनं झालं की त्याच्यावर पांढुरकं पीठ धरतं, भेगा पडतात, नखाला ते दगडासारखं लागतं. पण त्याची घडण दारासाठी नेमकी असते. नवं रबर कृत्रिम. ते ऊन सोसतं, तडकत नाही. पण त्याचा साचा कुणीतरी एखाद्या जुन्या, आधीच चेपलेल्या तुकड्यावरून घेतलेला असतो. मुळातली चूक साच्यात उतरते आणि साच्यातली प्रत्येक गाडीत.

आणि एक गोष्ट, जी माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर आहे. रबर क्षणाचा दाब विसरतं. बोटानं दाबा, सोडा, ते वर येतं. वर्षानुवर्षं दाबून ठेवा, मग मात्र तो खड्डा कायमचा राहतो.

"म्हंजे आमच्या सासूसारखं," युवराज म्हणाला, आणि स्वतःच खिदळला.

३

मागचं डावं दार उघडत नव्हतं.

"इकणारा म्हनला, ते दार आमी कदी उघडलंच न्हाई," आप्पारावानं सांगितलं. "तिकडून कुणी बसत नव्हतं म्हणं."

"का?"

"म्या कशाला इचारू? म्या गाडी घेतली, तिची कहाणी न्हाई घेतली."

युवराजनं साबणाचं कोमट पाणी फटीत सोडलं, पातळ पट्टी फिरवली आणि खांदा लावून हिसका दिला. दार उघडलं. फस्स असा आवाज आला. बंद डबा उघडताना येतो तसाच, मी स्वतःला म्हणालो. हवा बाहेर आली असेल. पण दाराच्या कडेवरची धूळ मी पाहत होतो, आणि ती आत ओढली गेली.

चौकटीवरचं जुनं रबर मी स्वतः सोडवलं आणि उन्हात नेऊन पाहिलं. दाराच्या मागच्या उभ्या कडेला, कडीच्या जरा खाली, रबरावर चार आडवे खळगे होते. एकाखाली एक. आतल्या कडेपासून सुरू झालेले, बाहेरच्या कडेच्या थोडं अलीकडे थांबलेले. जिथे थांबले होते तिथे गोलसर टोक.

गाडीत बसलेल्या माणसानं दाराच्या फटीत चार बोटं घालावीत आणि दार त्यांच्यावर लागावं. मग कुणी ते उघडूच नये. वर्षानुवर्षं.

"क्लिपा असतील, सर," युवराज खांद्यावरून बघत म्हणाला. "न्हाई तर दार वाजू नये म्हणून काड्या खोसल्या असतील कुणी."

मी मान डोलावली. काड्या असू शकतात. दारं खडखडतात, लोक काड्या खोसतात. हे पटण्यासारखं होतं आणि मला ते पटवून घ्यायचं होतं. ते रबर गुंडाळून मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. खळग्यांना मध्ये एकेक किंचित रुंद जागा होती. काडीला सांधा नसतो, हे मी युवराजला बोललो नाही.

४

नवं रबर पुण्याहून मागवलं. शेडात आता गाडीच्या एका अंगाला तेजश्रीच्या संसाराचं सामान रचायला सुरुवात झाली होती. कपाट, दिवाण, कूलर, फ्रीज. फ्रीजचं खोकं उंदरांनी कुरतडलं म्हणून काढून टाकलेलं; मी माझी पाण्याची बाटली आणि खडूचा डबा त्याच्या डोक्यावर ठेवायचो.

दाराचं रबर नीट बसलंय का, हे बघायचे दोन साधे उपाय आहेत. रबरावर खडू घासायचा, दार लावायचं, उघडायचं. दारावर खडूची अखंड रेघ उमटली पाहिजे. दुसरा कागदाचा. पट्टी मध्ये धरून दार लावायचं आणि ओढायची. ती अडत अडत बाहेर आली तर रबर धरतंय. सुळकन आली तर तिथे फट आहे.

तीन दारं पास झाली. मागच्या डाव्या दारावर खडूची रेघ चार ठिकाणी तुटली.

जुन्या रबराच्या बाबतीत हे समजण्यासारखं होतं. त्यात खळगे होते. पण हे कालचं, गुळगुळीत, बोट लावलं तरी वर येणारं रबर. मी पुण्याला फोन लावला आणि त्या माणसावर इतका ओरडलो की दुकानातलं गिऱ्हाईक मागे येऊन बघून गेलं. तुमचा साचा चुकलाय! चेपलेल्या तुकड्यावरून साचे काढता आणि लोकांना फसवता! तो बिचारा म्हणत राहिला, सर, चारही दारांना एकाच लांबीतून कापून दिलंय. मी फोन आपटला.

मग त्याचं म्हणणं खोटं पाडायला मी मागच्या उजव्या दाराचं रबर काढून डाव्याला लावलं आणि डाव्याचं उजव्याला. उजवीकडे रेघ अखंड. डावीकडे चार ठिकाणी तुटलेली. पत्रा वाकडा असेल म्हणून मोजपट्टी लावून पाहिली. पत्रा सरळ होता.

युवराज विडी ओढत हे बघत होता. "सर, लग्न हाय, परीक्षा न्हाई," तो म्हणाला. "पाणी तर गळत न्हाई ना? मंग सोडा की."

आठवडा गेला. मी पुन्हा पाहिलं. नव्या रबरावर आता चार खळगे होते. वर्षांचा दाब आठवड्यात दिसत नाही. हे होऊ शकत नाही, याची जगात मोजक्या माणसांना खात्री असेल, त्यांतला मी एक. डब्यातलं जुनं रबर शेजारी धरलं. जागा त्याच, अंतरं तीच, रुंद सांधेही तेच. फरक एवढाच की जुन्यावर टोकं बाहेरच्या कडेच्या जितकी अलीकडे थांबली होती, त्याहून नव्यावर थोडी पुढे आली होती.

५

त्या दुपारी घरची सगळी माणसं बस्त्याला बीडला गेली होती. मी एकटाच शेडात होतो. आधी बाकीची तिन्ही दारं नीट लावली, काचा वर केल्या. मग मागच्या डाव्या दारात, बरोबर त्या जागी, कॅलेंडरची पट्टी धरली आणि दार लावलं. दार चांगलं लागत होतं. जड, मऊ आवाज. नव्या रबराचा हाच तर गुण.

पट्टी ओढली. अडलीच नाही. फट होतीच, ती सैल आली. मी ओढायचं थांबवलं.

मग ती घट्ट झाली.

मी ओढत नव्हतो. पट्टीचं बाहेरचं टोक माझ्या चिमटीत होतं आणि ते ताणलं गेलं. हळूहळू, हिसका न देता. कागदावरची तारखेची चौकट दाराच्या फटीकडे सरकताना मी पाहिली. मनात मी स्पष्टीकरण देत होतो, अगदी वर्गात देतो तसं. आतली हवा तापली होती, आता थंड होतेय, आकसतेय, म्हणून ओढ. पण पत्र्याखाली दुपारी तीन वाजता हवा थंड कशी होईल?

मग चिमटीत काही उरलं नाही.

मी दार उघडलं. सीटवर कागद नव्हता. सीटखाली नव्हता, पायाशी नव्हता. सीट उचलली, रबराच्या मागे बोट फिरवलं. मग गुडघ्यांवर बसून गाडीखाली शोधलं. म्हाताऱ्या माणसाला असं रांगायला लावणाऱ्या त्या गाडीचा मला इतका राग आला की मी दारावर लाथ मारली. नव्या रंगावर बुटाचा ठसा उमटला. तो मी सदऱ्याच्या टोकानं पुसत बसलो.

६

"ती त्या बाजूला बसणार नाही," मी आप्पारावाला सांगितलं.

लग्न दोन दिवसांवर होतं. गाडीला झेंडूच्या माळा लावून पाहत होते. आप्पाराव खुर्चीत बसून युवराजला फर्मानं सोडत होता.

"कावून?"

"रबर बरोबर नाही."

"रबर!" तो उठलाच. "दादा, तिन्ही त्रिकाळ रबर! नवरी डाव्या अंगाला बसणार, रीतच हाय ती. आता काय रबरासाठी रीत बदलू? का गाडीत भूत हाय म्हणता?"

"मी भूत म्हणालो नाही. मी रबर म्हणालो."

"दादा, राग नका मानू. मागच्या महिन्यात तुमी गॅस चालू ठेवून भाजी आणाय गेलते. शेजाऱ्यानं बंद केला. तुमचं डोकं लई मोठं, पण आता..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. युवराजनं मान खाली घातली. मला त्याचाही राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कारण गॅस मी खरंच चालू ठेवला होता.

मी फ्रीजवर ठेवलेला बिस्किटाचा डबा उघडून जुनं रबर बाहेर काढलं. दोन्ही हातांत ताणून धरलं आणि आप्पारावापुढे नाचवलं. "हे बघ! डोळे फुटलेत का तुझे? हे काय दिसतंय?"

"रबर," आप्पाराव म्हणाला.

तेवढ्यात तेजश्री आली. हळदीची तयारी चालू होती, तिच्या एका तळव्यावर ओली मेंदी, दुसरा मोकळा. "आबा, मोठेआबांवर ओरडू नका," ती म्हणाली आणि मला डोळा मारून सरळ गाडीत जाऊन बसली. मागे, डाव्या बाजूला. "बघू तरी, नवरी कशी दिसते."

मी ओरडायच्या आत तिनं मोकळ्या हातानं दार ओढायला घेतलं. आणि थांबली. दाराच्या कडेकडे खाली बघत, हसत, लहान पोराला म्हणावं तसं म्हणाली:

"मोठेआबा, बोटं काढा ना. चेंगरतील."

मी गाडीपासून पाच हात लांब होतो. माझे दोन्ही हात वर होते, जुन्या रबराची दोन टोकं धरून.

तिनं वर पाहिलं. मला पाहिलं. माझे हात पाहिले. तिचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातून ती निघून गेली.

पुढचं मी रागानं केलं. तिला दंडाला धरून ओढून काढलं, मेंदी माझ्या सदऱ्याला लागली. युवराजच्या पेटीतली सुरी घेतली आणि मागच्या डाव्या दाराचं रबर चौकटीवरून खरवडून काढलं. मग बाकीच्या तीनही दारांचं. नवा रंग सोलला, माळा तुटल्या. आप्पारावानं माझा हात धरला तेव्हा मी त्याला ढकललं. तो कपाटाला आपटला. सत्तरी पार केलेले दोन भाऊ एकमेकांना आईवरून बोलत होते आणि मधे पोरगी रडत होती.

गाडी उघड्या फटींची झाली. कुठलंच दार आता कशावर नीट मिटत नव्हतं. मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेजश्री केजला गेली ती पाहुण्यांच्या पांढऱ्या जीपमधून. मागून टेम्पोत सामान गेलं. आप्पाराव माझ्याशी बोलायचा बंद झाला. गाडी त्यानं भंगारात दिली. तेजश्रीला मी फोनवर एकदाच विचारलं, काय पाहिलंस?

"तुमचाच हात होता की, मोठेआबा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "असणार. ना?"

"असणार," मी म्हणालो.

७

पाच वर्षं मी हे बाजूला ठेवलं. गाडी गेली, पोरगी सुखात आहे; म्हातारपणी एवढं पुरतं. कधी वाटायचं, आप्पारावाचंच खरं. कागद मीच सोडला. गॅससारखा.

मागच्या उन्हाळ्यात तेजश्रीनं हट्ट करून मला केजला नेलं. टापटीप घर. जावई शाळेत मास्तर, तेव्हा घरी नव्हता. तिनं मला पाणी दिलं. कोमट होतं.

"फ्रीज गार धरतच नाही," ती वैतागून म्हणाली. "लग्नातलाच आहे ना. यांनी दाराचं रबर दोनदा बदललं. आधी डुप्लिकेट टाकलं, मग कंपनीचं ओरिजनल आणलं. तरी तेच. आबा म्हणतात, मिस्त्री चोर असंल. तुम्ही बघता का? तुमचाच विषय."

मला शेड आठवत होतं. सगळी रबरं मी सोलून टाकली तेव्हा त्या शेडात रबराचं दार आणखी एकच उरलं होतं, आणि त्याच्या डोक्यावर माझी पाण्याची बाटली होती.

"कागद आण," मी म्हणालो. "कॅलेंडरचा चालेल."

पट्टी मी या वेळी चिमटीत धरली नाही. तर्जनीला दोन वेढे दिले आणि मूठ आवळली. दार लावलं. फ्रीज गुणगुणत होता, मग तो आवाज थांबला. तेजश्री माझ्यामागे उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

पट्टी ताणली गेली. हळूहळू, हिसका न देता. वेढे बोटात रुतले. नख पांढरं पडलं. कागद फाटला तेव्हा फाटल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला, आणि दोन वेढे माझ्या बोटावर तसेच होते. मी सोडला नव्हता. म्हणजे त्या दिवशीही सोडला नव्हता.

"मोठेआबा," तेजश्री अगदी हळू म्हणाली, "मी काय पाहिलं होतं?"

मी तिला बाहेर ओसरीवर बसवलं. फ्रीजचा प्लग काढला, दार सताड उघडलं आणि कंपनीचं ओरिजनल रबर खिडकीतल्या उजेडात तपासलं. खरं तर ते रबर नव्हेच, मऊ प्लॅस्टिक. मी खिशातून मोजपट्टी काढून मोजलं, मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं. खळगे चारच होते, अंतरं तीच. फक्त या वेळी ते बाहेरच्या कडेच्या अलीकडे थांबले नव्हते. ते कड ओलांडून बाहेर आले होते.